वहीतली एक ओळ : ‘आरडीआर २ – १,५००’
सोलापुरातल्या एका जुन्या गेमच्या दुकानाची विक्रीवही आम्ही पुन्हा कशी लावली

अक्कलकोटहून एसटीने आलेला तो मुलगा भांडायला आला नव्हता. त्याने पिशवीतून ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चा निळा डबा काढला, काउंटरवर उघडून ठेवला आणि विचारलं, “दादा, ह्यात एकच सीडी आहे. दुसरी कुठंय?”

माझ्या भाच्याने डबा हातात घेतला. प्ले डिस्क जागेवर होती, दुसऱ्या डिस्कची जागा रिकामी. कव्हर स्वच्छ, डबा नवा असल्यासारखा. आठवड्यापूर्वी त्यानेच हा डबा दीड हजाराला विकला होता आणि विकताना उघडून डिस्क चमकते का तेवढं बघितलं होतं. ज्या कॉलेजच्या पोराकडून तो घेतला, तो म्हणाला होता, “कम्प्लीट आहे.” भाच्याने विश्वास ठेवला. त्या पोरालाही फसवायचं असेल असं मला वाटत नाही. प्लेस्टेशन ४, म्हणजे पीएस ४ ह्या गेमच्या मशिनवरची ही गेम ऑक्टोबर २०१८ मध्ये आली तीच दोन ब्लू-रे डिस्कवर. आधी डेटा डिस्क घालून सगळा माल मशिनमध्ये उतरवायचा, मग प्ले डिस्क घालून खेळायचं. एकदा उतरवून झालं की डेटा डिस्क पुन्हा लागतच नाही. ती ड्रॉवरमध्ये जाते, मित्राकडे जाते, विसरली जाते. विकायच्या दिवशी माणूस मशिनमधली डिस्क काढून डब्यात ठेवतो आणि त्याच्या मनात गेम पूर्ण असते. पण नव्या मशिनवर नुसती प्ले डिस्क काही कामाची नाही. मशिन डेटा डिस्क मागत बसतं.

भाच्याने पैसे परत दिले, एसटीचं भाडंही दिलं. मी त्या दिवशी दुकानातच होते. दर शनिवारी मी त्याचा हिशेब बघते. त्याआधी बावीस वर्षं मी एका टॉवेल कारखान्यात चेकिंग आणि पॅकिंगला होते, शेवटची सहा वर्षं त्या खात्याची वही माझ्याकडे होती. मुलगा गेल्यावर मी भाच्याला म्हटलं, “ह्या विक्रीची नोंद दाखव.” त्याने वही उघडली. तारीख, आणि पुढे गेमचं आखूड नाव नि रक्कम: आरडीआर २ – १,५००. एवढंच.

त्या ओळीत डिस्क किती, डबा होता का, गेमसोबत येणारा कागदी नकाशा होता का, डिस्कवर ओरखडे किती, काही नाही. ओळ बरोबर होती, रक्कम बरोबर होती, फक्त विकलं काय ते त्यात नव्हतं. मागची पानं उलटली तर दीड वर्षाची वही सगळी तशीच.

भाव कसा ठरत होता

दुकान नवी पेठेच्या आतल्या गल्लीत, एका मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्याचा अर्धा भाग. जुने कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची मशिनं, त्यांचे कंट्रोलर, डिस्क घ्यायच्या आणि विकायच्या. गिऱ्हाईक बहुतेक जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडची कॉलेजची मुलं, आणि अलीकडे पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटहून व्हॉट्सॲपवर फोटो बघून येणारी. भिंतीवर दरपत्रक. ते भाच्याने मनाने लिहिलेलं नव्हतं, हे मला त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. वहीतून त्या गेमच्या सगळ्या विक्र्या काढायच्या, बेरीज करायची, नगांनी भागायचं. मेहनतीचं काम होतं आणि त्याला वाटत होतं की आपला भाव पुराव्यावर उभा आहे.

‘आरडीआर २’च्या नऊ विक्र्या वहीत होत्या: १,५००, १,४५०, १,०००, १,४००, १,६५०, ९५०, १,६००, २,४०० आणि २,६००. बेरीज १४,५५०. नवाने भागलं की साधारण १,६१७. म्हणून भिंतीवर १,६००. आणि विकत घेताना सरसकट १,०००, कारण सहाशे सुटले की भाडं, वीज निघते.

आता ह्या दोन आकड्यांनी दुकानात काय चाललं होतं ते बघा. डबा नसलेल्या, कागदी पाकिटातल्या दोन डिस्कची जोडी कुणी आणली की तिला हजार मिळत. ती जोडी १,६०० ला कोणी घेत नसे, महिने पडून राहायची, शेवटी हजाराला नाहीतर ९५० ला जायची. म्हणजे सुट्या जोडीवर एक तर काहीच सुटत नसे, नाहीतर घरचे पन्नास रुपये घालून धंदा. उलट डबा, दोन्ही डिस्क, घडी न फाटलेला नकाशा असा माल घेऊन येणारा माणूस ‘हजार’ ऐकून परत जायचा आणि तोच माल स्वतः ऑनलाइन विकायचा. दुकानात कमी प्रतीचा माल साचत होता आणि चांगला माल दारातून परत जात होता. भाच्याला वाटायचं, सोलापुरात चांगला माल येतच नाही.

“सरासरी तर बरोबर आहे ना मावशी?” त्याने विचारलं. भागाकार बरोबर होता. पण त्याने भागले ते नऊ वेगवेगळे पदार्थ होते.

टॉवेलचा सेट

मी त्याला समजावलं ते माझ्या कामातल्या गोष्टीने, कारण मला तीच भाषा येते.

आमच्याकडे निर्यातीचा सेट असायचा: एक मोठा टॉवेल, एक हाताचा, दोन लहान नॅपकिन. चेकिंगच्या टेबलावर दोन प्रकारचे सेट बाजूला पडत. एका सेटमध्ये चारही नग हजर, पण मोठ्या टॉवेलवर तेलाचा डाग किंवा एखादा धागा सुटलेला. दुसऱ्या सेटमध्ये सगळे नग एकदम फ्रेश, पण एक नॅपकिन कमी. नवीन आलेली मुलगी दोन्ही एकाच ढिगात टाकायची आणि वर चिठ्ठी लावायची, ‘सेकंड’. मग वहीत सेकंड सेटचा एकच दर लागायचा आणि कोणालाच कळायचं नाही की नुकसान कुठे होतंय. वास्तविक एक नॅपकिन कमी असलेल्या सेटला नॅपकिन जोडला की तो पुन्हा फ्रेश सेट होतो. डाग पडलेल्या टॉवेलला काही जोडून उपयोग नाही, त्याचा ढीग निराळाच.

जुन्या गेमचंही हेच आहे. ‘काय काय आहे’ हा एक प्रश्न, ‘आहे ते कसं आहे’ हा दुसरा. आणि ह्या दोघांच्याही आधी तिसरा प्रश्न येतो: ही वस्तू नेमकी कोणती? भाच्याच्या वहीत, आणि खरं सांगायचं तर बोलण्यातही, तिन्हींना मिळून एकच शब्द होता, ‘चांगली’. मुलांच्या तोंडी असतात ते ‘सीलपॅक’, ‘बॉक्ससकट’, ‘फक्त सीडी’ हे शब्द जास्त कामाचे आहेत. त्यांतून निदान पूर्णतेचा अंदाज येतो. पण तेही वहीत नव्हते.

पुराव्याचे तीन ढीग

वही सुधारायची म्हणजे पुढची पानं नीट लिहायची, एवढं सोपं असतं तर मी हे लिहिलं नसतं. भाच्याला भाव आज हवा होता आणि भाव जुन्या विक्र्यांतूनच निघणार होता. म्हणून दीड वर्षाच्या एकशे चाळीस ओळी पुन्हा लावायच्या ठरलं. मे महिना होता. दुपारी दुकानात बसवत नाही अशी उष्णता, म्हणून रात्री जेवणं झाली की गच्चीवर चटई टाकून बसायचो. शेजारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, वही आणि दोन फोन.

पुरावा तीन ठिकाणी होता. वही, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवलेले फोटो. सगळ्यांत जास्त उपयोग फोटोंचा झाला. विकण्याआधी भाचा डबा उघडून फोटो पाठवतो, ही त्याची सवय चांगली होती. फोटोत डिस्क किती ते दिसतं, नकाशाची घडी दिसते, डब्याचा तुटलेला कोपरा दिसतो. बोलण्यातही सापडायचं: “दादा पुस्तक नाही का ह्यात?” “नाही, म्हणून तर शंभर कमी केले.” एका ओळीचा निकाल लागला.

पहिल्याच रात्री भाच्याने एक चूक केली आणि ती मी लगेच थांबवली. ज्या ओळीचा फोटो सापडेना, तिथे तो रक्कम बघायचा आणि म्हणायचा, “हजार म्हणजे फक्त सीडी असणार. लिही.” अरे, सुट्या डिस्कचा भाव किती हे शोधायलाच तर आपण बसलोय. हजाराला गेली म्हणून ती सुटी, आणि सुटी म्हणून सुट्या डिस्कचा भाव हजार, असं केलं तर आकडा स्वतःचीच साक्ष देतो. असा ढीग दिसायला फार सुरेख दिसतो, सगळे आकडे जवळजवळ येतात, आणि त्याला काडीचा अर्थ नसतो.

म्हणून मी जुन्या चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि वहीतल्या रकमेच्या रकान्यावर ठेवली. पट्टी सरकवायची नाही. आधी पुराव्यावरून ढीग ठरवायचा, सगळ्या ओळी झाल्या की मगच पट्टी उचलायची. ज्या ओळीला पुरावा नाही, तिचा ढीग ‘माहीत नाही’. हा ढीग भाच्याला आवडला नाही. त्याला ते काम अर्धवट सोडल्यासारखं वाटायचं. पण चेकिंगच्या टेबलावर ‘ठरलं नाही’ म्हणून बाजूला ठेवलेला नग चुकीच्या गठ्ठ्यात गेलेल्या नगापेक्षा कितीतरी कमी नुकसान करतो, हे मी हातांनी अनुभवलंय.

दुसरी एक गोष्ट केली. प्रत्येक ओळ त्याने वेगळी लावली, मी वेगळी लावली, एकमेकांचं न बघता. मग जुळवलं. अकरा ओळींवर आमचं जमलं नाही. बहुतेक ठिकाणी कारण एकच निघालं: ‘पूर्ण’ म्हणजे काय हे आम्ही दोघांनी वेगळं धरलं होतं.

प्रत्येक गेमची ‘पूर्ण’ वेगळी

पीएस २, म्हणजे पीएस ४ च्या दोन पिढ्या आधीचं मशिन, त्याच्या काळात डब्यात छापील पुस्तिका असायचीच. २००९ मध्ये हैदराबादमध्ये बनलेल्या ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ ह्या खास आपल्याकडच्या गेम पीएस २ वर आल्या होत्या. अशी एखादी प्रत आली तर तिच्यात पुस्तिका आहे की नाही ह्याने फरक पडतो. पीएस ३ च्या शेवटी शेवटी पुस्तिका बारीक होत गेली आणि पीएस ४ च्या बहुतेक गेमच्या डब्यात डिस्कशिवाय फार तर एखादा कागद. म्हणजे पीएस ४ च्या डब्यात पुस्तिका नाही म्हणून ‘अपूर्ण’ लिहिणं चूक, आणि पीएस २ च्या डब्यात नसताना ‘पूर्ण’ लिहिणंही चूक. भाचा लहानपणापासून पीएस ४ बघत आलेला, त्याला पुस्तिका असते हेच आठवत नव्हतं. मला वाटत होतं ती सगळ्यांत असते.

म्हणून आता गेमगणिक यादी आहे: ही गेम कारखान्यातून निघाली तेव्हा डब्यात काय काय होतं. ‘आरडीआर २’: डबा, कव्हर, दोन डिस्क, कागदी नकाशा. जून २०२० मध्ये आलेली ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’: तिथेही डेटा आणि प्ले अशा दोन डिस्क. एक्सबॉक्स ३६० ह्या दुसऱ्या कंपनीच्या मशिनवरची ‘जीटीए ५’: तिच्याही दोन. दोन डिस्कवाल्या सगळ्या गेमच्या यादीवर लाल पेनाने खूण आहे. डबा उघडला की आधी डिस्कची नावं मोठ्याने वाचायची.

पुस्तिकेवरून आमचा एक चांगला वाद झाला. ‘सॅन अँड्रियास’ ह्या गेमची पीएस २ ची प्रत होती, पुस्तिकेच्या मागच्या पानावर कुणीतरी निळ्या पेनाने चीट कोड, म्हणजे खेळ सोपा करणारी बटणांची गुपितं, लिहिलेले. गोल, शाळकरी अक्षर, दोन ठिकाणी खोडलेलं. भाचा म्हणाला, खराब पुस्तिका, म्हणजे अपूर्ण धर. मी म्हटलं, नाही. पुस्तिका हजर आहे, म्हणजे पूर्ण. पेनाने लिहिलंय, ती अवस्थेची गोष्ट. हे दोन रकान्यांत लिही. एकदा हे बसलं आणि अकरापैकी सात वाद तिथेच मिटले.

नऊ ओळींचं काय झालं

पट्टी उचलल्यावर ‘आरडीआर २’च्या नऊ ओळी अशा दिसल्या.

१,५०० ची ओळ म्हणजे तो अक्कलकोटचा मुलगा. पैसे परत गेले, म्हणजे ती विक्रीच नव्हे. ती भावात धरायची नाही. २,६०० च्या ओळीचा फोटो काढला तर शेजारी ‘फिफा’चा डबा. दोन गेम, एक रक्कम. भाचा म्हणाला, फिफाचे अंदाजे वजा करू. मी नको म्हटलं. अंदाज वजा करून उरतो तोही अंदाजच. तीही बाहेर.

२,४०० ची ‘सीलपॅक’. ह्या फोटोवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पॅकिंग खात्यात बावीस वर्षं काढल्यावर प्लास्टिकची शिवण बघायची सवय लागते. कारखान्यात मशिनवर चढलेलं आवरण चारी बाजूंनी सारखं ताणलेलं असतं, सांधा सरळ. हाताच्या सीलरने मारलेलं असेल तर रेघ थोडी वळते आणि कोपऱ्यात हवा राहते. ह्या फोटोत डाव्या कोपऱ्यात फुगा होता. नुसत्या फोटोवरून मी ते पुन्हा गुंडाळलेलं होतं असं म्हणणार नाही, पण कारखान्याचं होतं असंही म्हणता येत नव्हतं. भाच्याने ते एका व्यापाऱ्याकडून सीलपॅक म्हणून घेतलं आणि तसंच विकलं होतं. वहीत आम्ही लिहिलं: ‘सील म्हणून विकलं, खात्री नाही.’ म्हणजे नव्या कोऱ्या प्रतीचा भाव आमच्या वहीतून निघतच नाही. ते मान्य करणं त्याला जड गेलं.

उरलेल्या सहांत पुरावा स्पष्ट होता तो पाच ओळींना. १,६५० आणि १,६००: डबा, दोन्ही डिस्क, नकाशा. १,४५०: सगळं आहे, नकाशा नाही. १,००० आणि ९५०: कागदी पाकिटातल्या दोन डिस्क. आणि १,४०० च्या ओळीचा फोटो नाही, बोलणं नाही, काही नाही. ती ‘माहीत नाही’त.

भाचा त्या १,४०० कडे बराच वेळ बघत होता. “मावशी, १,४५० ला नकाशा नसलेली गेली. मग ही पण तीच असणार की. कशाला अडून बसलीस?” मी त्याला पुठ्ठ्याची पट्टी दाखवली. त्याने वही मिटली.

सहाशे-सातशे रुपयांचा फरक असलेल्या वस्तू एकाच नावाखाली दीड वर्षं चालल्या होत्या. भिंतीवरचा १,६०० हा आकडा योगायोगाने पूर्ण प्रतीच्या भावाला लागून होता, बाकी कशालाच लागू नव्हता. योगायोग अशासाठी की परत आलेली विक्री, जोडीने गेलेली फिफा आणि शंकेचं सील ह्या तिघांनी सुट्या डिस्कनी खाली ओढलेली सरासरी पुन्हा वर ढकलली होती. दुसऱ्या गेमच्या बाबतीत ती कुठेही गेली असती, आणि गेलीही होती.

डिस्क ट्यूबलाइटखाली

अवस्थेचा रकाना भरताना मला खरी मजा आली, कारण इथे डोळा आणि बोट लागतं. डिस्क कडेला धरायची, ट्यूबलाइटच्या खाली तिरकी करायची आणि सावकाश फिरवायची. सरळ वरून बघितली की सगळ्याच डिस्क चांगल्या दिसतात. तिरक्या उजेडात बारीक ओरखडे केसांसारखे उठून येतात, जसा टॉवेल उजेडासमोर धरला की सुटलेला धागा दिसतो. मग नख. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. नखाला काही लागलं नाही तर एक, अडकलं तर दुसरा प्रकार. आमच्या वहीत तीन पायऱ्या आहेत: उजेडात काही दिसत नाही, दिसतं पण नखाला लागत नाही, नखाला लागतं. ‘चांगली’, ‘बरी’ हे शब्द बंद. दोन माणसांची ‘बरी’ वेगळी असते, नख दोघांचं सारखंच अडकतं.

ओरखड्याची दिशाही लिहायची. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा त्या मानाने सोसतो, कारण प्रत्येक फेऱ्यात थोडीशीच माहिती तुटते आणि ती भरून काढायची सोय डिस्कच्या रचनेत असते. गोल, डिस्कच्या फेऱ्यासोबत गेलेला ओरखडा वाईट. सलग माहिती जाते. एक्सबॉक्स ३६० चालू असताना उचलला किंवा उभ्याचा आडवा केला की डिस्कवर असं गोल कडं उमटतं. म्हणूनच डिस्क पुसायची तीही गोल गोल नाही, मध्यापासून बाहेर.

आणि घासून घेण्याबद्दल. भाचा ओरखडे पडलेल्या डिस्क पॉलिश करून घेतो. पीएस २ च्या डीव्हीडीला ते चालतं, कारण तिथे माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत, दोन चकत्यांच्या मधोमध असतो. वरचं प्लास्टिक थोडं घासलं तरी थराला धक्का नाही. पीएस ३, पीएस ४ ची ब्लू-रे डिस्क निराळी. तिथे थर फक्त ०.१ मिलिमीटर आत, वर कडक लेप. त्या लेपामुळे तिला सहसा ओरखडा पडत नाही, पण नखाला लागेल इतका खोल पडला तर तो घासून जात नाही. घासायला गेलं की लेप जातो आणि डिस्कच संपते. भाच्याने एक पीएस ४ ची डिस्क अशीच घालवली होती. वहीत ती ‘पॉलिश केलेली, चांगली’ म्हणून नोंदली होती, विकली आणि परत आली. आता पॉलिश झालेल्या डिस्कला वेगळी खूण आहे आणि ब्लू-रे पॉलिशला जातच नाही.

सीडीवरच्या जुन्या गेमला उलटं: तिथे थर छापील बाजूला, पातळ लाखेखाली. चमकत्या बाजूला काही नसतं आणि वरच्या चित्रावरच्या एका खरवड्याने डिस्क गेलेली असते. दिव्यासमोर धरायची, टाचणीएवढी छिद्रं दिसली की समजायचं.

आधी ओळख, मग बाकी सगळं

तिसरा प्रश्न, वस्तू कोणती, हा आम्ही शेवटी सोडवला पण तो पहिला असायला हवा होता. पीएस ४ च्या डिस्कवर आणि डब्याच्या कण्यावर ‘सीयूएसए’ने सुरू होणारा क्रमांक असतो. वहीत आता ‘आरडीआर’ नाही, हा क्रमांक. डिस्कवरचा आणि डब्यावरचा जुळला नाही तर कुणीतरी दोन प्रतींची एक केलेली असते. दुबईहून नातेवाइकांनी आणलेल्या प्रतीवर अरबी मजकूर दिसतो. इथे अधिकृत विकलेल्या प्रतीवर आयातदाराचं नाव आणि किंमत छापलेला कागद, कारण पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ते सक्तीचं आहे. पीएस ४ ची डिस्क कुठल्याही देशाची असली तरी चालते, पण तिचे ऑनलाइन मिळणारे जास्तीचे भाग त्याच प्रदेशाच्या ऑनलाइन खात्यावर उतरतात. पीएस २ ला मात्र प्रदेशाचं कुलूप होतं. ‘एसएलयूएस’ क्रमांकाची अमेरिकन डिस्क आपल्याकडच्या, कुलूप न तोडलेल्या मशिनवर चालायची नाही. म्हणून तिची विक्री आमच्या दुसऱ्या प्रतींच्या भावात मिसळता येत नाही.

आणि पीएस २ चं म्हणाल तर हे कुलूप तोडणारी चिप मारलेली मशिनं घरोघर होती, त्यामुळे घरी कॉपी केलेल्या डिस्कही येतात. खालची बाजू जांभळट दिसली की ती डीव्हीडी-आर. मूळची चंदेरी, आणि गेम सीडीवर असेल तर निळी. लाल डब्यातली ‘प्लेस्टेशन हिट्स’ ही पीएस ४ ची स्वस्तातली पुनर्छपाई, तीही वेगळी ओळ.

गेम बॉय ॲडव्हान्स ह्या हातात धरून खेळायच्या मशिनची एक कॅसेट रेल्वे लाइन्सकडच्या एका ताईंनी आणली, ‘पोकेमॉन एमराल्ड’. त्यांच्या भावाची. नकली ह्या गेमच्या फार फिरतात. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतात, आणि खालच्या फटीतून बघितलं की आतल्या सर्किटच्या पट्टीवर निन्टेन्डो ह्या मूळ कंपनीचं नाव असतं. ती खरी होती. चालू करताच बॅटरी संपल्याचा निरोप आला आणि ताई हिरमुसल्या. पण ह्या गेममध्ये बॅटरी फक्त घड्याळापुरती असते, खेळ साठतो वेगळ्या चिपमध्ये. त्याच घराण्यातल्या आधीच्या ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’मध्ये मात्र बॅटरी गेली की साठवलेला खेळही जातो. म्हणून कॅसेटला बॅटरीचा रकाना, आणि त्यापुढे कशासाठी तेही. नकली निघालेल्या वस्तूला आम्ही ‘खराब अवस्था’ लिहीत नाही. ती दुसरीच वस्तू आहे आणि ती आम्ही घेत नाही.

काउंटरवर

एकशे चाळीसपैकी एकोणतीस ओळी ‘माहीत नाही’तच राहिल्या. त्या खोडल्या नाहीत, भावातही धरल्या नाहीत.

नवीन वही आडवी आखलेली आहे. क्रमांक, डब्यात असायला हवं ते, त्यातलं हजर काय, डिस्कची पायरी, डब्याची अवस्था, फोटोचा नंबर, आणि रक्कम सगळ्यांत शेवटी. घेताना एक ओळ, विकताना पुन्हा ताजी ओळ, कारण मधल्या काळात शेल्फवर नकाशा पडतो, डब्याचा खटका तुटतो. भिंतीवरचं दरपत्रक काढलं. त्या जागी ‘आरडीआर २’ला तीन भाव: सुट्या दोन डिस्क, डब्यासकट, नकाशासकट. विकत घ्यायचेही तीन. दोन-तीन विक्र्यांवर उभा असलेला भाव असेल तर शेवटच्या विक्रीची तारीख शेजारी लिहितो, म्हणजे शिळा आकडा ताज्यासारखा वाचला जात नाही.

वेळ जास्त लागतो. रविवारी संध्याकाळी गर्दी असली की भाच्याचा जीव वरखाली होतो. पण विकायला आलेल्या मुलासमोरच डबा उघडून, “डेटा डिस्क आहे, प्ले डिस्क आहे, नकाशा नाही” असं मोठ्याने म्हणत लिहिलं की घासाघीस कमी होते. दोघंही एकाच गोष्टीकडे बघत असतात. परवा एक जण म्हणाला, “थांबा, नकाशा घरी आहे, आणतो,” आणि अर्ध्या तासात अशोक चौकातून गाडीवर घेऊन आला. एक नॅपकिन जोडला आणि सेट फ्रेश झाला.

गेल्या महिन्यात ती १,४०० वाली प्रत दुकानात परत आली. ज्याने घेतली होती तोच विकायला आला होता, सात रस्त्याकडे राहणारा, नोकरीसाठी पुण्याला निघालेला. भाच्याने डबा उघडला. दोन्ही डिस्क होत्या, नकाशा नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघ, मी म्हटलं होतं. मी त्या मुलाला विचारलं, “तू घेतलास तेव्हा ह्यात नकाशा होता का रे?”

“होता की मावशी. खोलीत भिंतीला लावलाय. तो काढून आणू का?” मग त्याने डब्याची डावी बाजू दाखवली. “हा खटका तेव्हाच तुटलेला होता. म्हणून दादांनी दोनशे कमी केले होते.”

भाच्याने जुनी वही काढली, ‘माहीत नाही’तली ती ओळ शोधली आणि तिच्यापुढे लिहिलं: पूर्ण, नकाशासकट, डब्याचा खटका तुटलेला, विकत घेणाऱ्याने सांगितलं. तारीख घातली. मग त्या मुलाला म्हणाला, “आण नकाशा. टाचण्यांची भोकं पडली असतील तर तेवढं लिहावं लागेल.”